ब्रेकवरचा पाय

मास्तरांनी गाडीच्या मागच्या काचेवर बादली चिकटवली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात त्यांच्याशिवाय फक्त एक मांजर होतं. तरी त्यांनी आधी फाटकाबाहेर डोकावून रस्ता दोन्ही बाजूंनी पाहून घेतला. सव्वीस वर्षं ते लोकांना हेच शिकवत आले होते. आरसा बघा, उजवीकडे बघा, डावीकडे बघा आणि मगच काय ते करा. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र सगळीकडे बघून झालं की करायचं तेवढं राहून जायचं.

बादली म्हणजे वीतभर पिवळं स्टिकर. त्यावर निळी बादली आणि खाली 'सिस्टरना मत द्या' एवढंच. ते चिकटवताना मास्तरांचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं, त्यामुळे बादली थोडी तिरकी लागली आणि पाणी सांडेल की काय असं वाटू लागलं.

शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. मास्तरांचा जन्म त्या ब्रेकवर पाय ठेवून गेला होता. त्यातच त्यांच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पहिला गिअर पडला की राजकारण आठवायचं. एखादा म्हणे, "आपले साहेब म्हणजे देवमाणूस." मास्तर म्हणत, "खरंय. समोर बघा." पुढच्या तासाचा म्हणे, "साहेबासारखा लबाड माणूस झाला नाही." मास्तर म्हणत, "खरंय. समोर बघा." दोघंही पास व्हायचे आणि दोघांनाही मास्तर आपलेच वाटायचे.

खुद्द मास्तरांना काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारू नये अशी त्यांनी पुरेपूर काळजी घेतली होती. कारण स्कूल होतं मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, आणि मेहुणा होता साहेबांचा उजवा हात. साहेब तीनदा निवडून आले होते. सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं त्यांनी तीनदा उद्घाटन केलं होतं. इमारतीत खाटा मात्र एकदाही आल्या नव्हत्या.

मास्तरांची आई पाच वर्षांपूर्वी जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात, जमिनीवरच्या गादीवर एकोणीस दिवस होती. तिथल्या सिस्टरनं तिचं सगळं केलं. शेवटच्या दिवशी जिन्याखाली उभ्या असलेल्या मास्तरांना ती म्हणाली होती, "काय रडायचं ते इथं रडून घ्या. आईसमोर जाताना डोळे पुसून जा." आता ती सिस्टर निवृत्त होऊन साहेबांच्या विरुद्ध उभी राहिली होती. पक्ष नाही, झेंडा नाही. निशाणी मिळाली बादली.

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावर तिची सभा होती. ऐकायला चौदा माणसं होती. त्यातली तीन बसची वाट पाहत होती आणि एक माईकवाला होता. मास्तर पलीकडच्या फुटपाथवर, आपण सहज थांबलोय असा चेहरा करून उभे होते. सभा संपल्यावर सिस्टर रस्ता ओलांडून थेट त्यांच्यापाशी आली.

"तुम्ही व्हरांड्यातल्या आजींचे चिरंजीव ना? उशी लागायची त्यांना गुडघ्याखाली."

आईच्या गुडघ्याखालची उशी ही गोष्ट जगात आता दोघांनाच ठाऊक होती. मास्तरांना हुंदका आला. भर रस्त्यात, बस यायच्या वेळेला, पन्नाशी उलटलेला माणूस लहान मुलासारखा रडला. रडून झाल्यावर त्यांनी एक स्टिकर मागितलं.

"लावाल ना?" सिस्टर म्हणाली. "नेतात पुष्कळ जण. नेऊन कपाटात ठेवतात."

"लावतो," मास्तर म्हणाले आणि स्वतःच दचकले.

घरी खिशातून स्टिकर निघालं तेव्हा बायको भाजी निवडत होती.

"अहो, हे काय? कुणी दिलं?"

"मागून घेतलं."

"तुम्ही? मागून?" तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "माझ्या भावानं पाहिलं तर?"

"पाहू दे."

तीस वर्षांच्या संसारात मास्तर हे दोन शब्द पहिल्यांदाच बोलले होते. मेहुणा गुरुवारपर्यंत साहेबांच्या प्रचारासाठी गावोगाव फिरणार होता, त्यामुळे ते त्याच्या पाठीमागे बोलले गेले हे खरं. पण बोलले गेले. बायकोनं जुडी पुन्हा उचलली. सकाळी मात्र तिनं चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात, आणि कुठला शर्ट घालायचा हे काढून ठेवण्याऐवजी विचारलं. मास्तरांना एवढी इज्जत झेपेना. चहा त्यांनी बशीत सांडला.

सोमवारी ते मार खायच्या तयारीनंच घराबाहेर पडले. कोणी अडवेल, काच फोडेल, निदान शिवी तरी देईल. दोन तास शहरभर फिरूनही कुणी ढुंकून पाहिलं नाही. शिकाऊ गाडीकडे लोक फक्त ती किती लांब आहे हे बघतात. मास्तर हिरमुसले. तिसऱ्या तासाला हेडबाई आल्या.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यात पुन्हा कोणाच्या मागच्या सीटवर बसायचं नाही असं ठरवून त्या एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकत होत्या. गाडी म्हणजे त्यांच्या दृष्टीनं शेवटच्या बाकावरची वात्रट मुलगी होती आणि मास्तर म्हणजे नवीन लागलेला, अनुभव नसलेला शिक्षक.

"बाई, क्लच हळूहळू सोडा."

"मला सूचना नकोत, मास्तर. मी चाळीस वर्षं सूचना दिल्यात."

मोठ्या चौकात हिरवा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आचका देऊन बंद. दिवा लाल झाला, हिरवा झाला, लाल झाला. मागं हॉर्न सुरू झाले. एक, मग पाच, मग सगळा रस्ता. बाई गाडीला दरडावत होत्या, "चल म्हणते ना? नाटकं नकोत!" मास्तर मात्र हळूहळू ताठ होत गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. हाच तो विरोध! मतं जाहीर करणाऱ्याला हे सोसावंच लागतं. त्यांनी छाती पुढे काढली आणि सव्वीस वर्षांत प्रथमच मागच्या हॉर्नकडे अभिमानानं पाहिलं.

एका स्कूटरवाल्यानं काचेवर टकटक केली.

"ओ बादलीवाले! निवडून यायच्या आधीच रस्ता अडवायला लागलात?"

"आमचं म्हणणं ऐकून तर घ्या," मास्तर गहिवरून म्हणाले. "नव्या दवाखान्यात खाटा..."

"खाटा गेल्या खड्ड्यात! गाडी काढा!"

मंगळवारपर्यंत चौकात अडकलेल्या गाडीचा फोटो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर होता. फोटोत गाडी आडवी, मागं कोंडलेलं अर्धं शहर आणि मधोमध स्पष्ट, तिरकी बादली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'ही आली तर असंच होणार.' बुधवारी लोक एकमेकांना फोन करून सांगू लागले, "बादली निघालीय, नदीकडच्या रस्त्यानं जा."

"अहो, काढून टाका ना ते," आता बायकोच म्हणाली. "सिस्टरचं नुकसान होतंय."

"आता काढलं तर घाबरून काढलं असं होईल," मास्तर म्हणाले. घाबरण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता, धीराचा तीन दिवसांचा. त्यामुळे धीर कुठं थांबवायचा ते त्यांना समजत नव्हतं. गुरूला ब्रेक सापडत नव्हता म्हणायचं.

बुधवारी दुपारी हेडबाईंची गाडी बंद पडली तेव्हा मागं रुग्णवाहिका होती. आत पेशंट नव्हता. ड्रायव्हर जेवायला घरी चालला होता आणि भूक लागली म्हणून त्यानं सायरन लावला होता. पण हे फोटोत कसं दिसणार? संध्याकाळच्या सभेत साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. "जी बाई रुग्णवाहिकेला रस्ता देत नाही," ते म्हणाले, "ती तुम्हाला दवाखाना देणार?" टाळ्या थांबेनात. त्या मास्तरांच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आल्या. मास्तरांनी ताट सरकवलं, बायकोनंही.

गुरुवारी सकाळी सिस्टर स्वतः स्कूलच्या अंगणात आली. चार दिवसांत तिचा आवाज बसला होता आणि चपलेचा अंगठा तुटला होता. मास्तर धावत खुर्ची घेऊन आले. ती बसली नाही. गाडीच्या मागं जाऊन तिनं बादली पाहिली.

"मास्तर, चारशे स्टिकरं वाटली मी. लावलं तुम्ही एकट्यानं."

मास्तरांनी खुर्ची पुन्हा पुढं सरकवली.

"म्हणून फार वाईट वाटतं हे सांगायला," ती म्हणाली. "काढा ते."

"सिस्टर..."

"मी दारात गेले की लोक विचारतात, ती गाडी तुमचीच ना? दवाखान्याचं बोलायला तोंडच उघडू देत नाहीत. एका म्हातारीनं तर दारच लावून घेतलं. तिला मी दोनदा न्यूमोनियातून काढलंय."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आयुष्यात एकदाच आपण मनातलं काचेवर आणलं आणि ज्या माणसासाठी आणलं त्यालाच ते भोवलं. यापेक्षा कपाटात ठेवणारे तीनशे नव्व्याण्णव जण तिच्या जास्त कामाला आले.

"मी काहीच करू शकत नाही का मग?" त्यांनी विचारलं.

सिस्टर हसली. दमलेलं का होईना, पण हसली. "करा ना. हवं तर साहेबांचं स्टिकर लावा. तेवढी मदत होईल मला." मग फाटकाशी थांबून म्हणाली, "उद्या साडेचारला दवाखान्यासमोर शेवटची सभा आहे. पाचला प्रचार बंद. तीनशे माणूस जमेल म्हणतात. तुम्ही या. पण चालत या."

ती गेल्यावर मास्तर नखानं स्टिकर खरवडत बसले. निम्मं निघालं. बादलीची कडी आणि 'सिस्टर' एवढं काचेला धरून राहिलं.

याच अवस्थेत मेहुण्यानं त्यांना पाहिलं. तो ऐकून आला होता, तावातावानंच आला होता. स्कूलमधून हाकलायचं हे वाटेत ठरवूनही झालं होतं. पण भाऊजी गाडीशी उकिडवे बसून, रडत, नखांनी बादली खरवडताहेत हे दृश्य पाहून तो विरघळला.

"भाऊजी! अहो, चुकतो माणूस. चूक कळली ना? बास!" त्यानं मास्तरांना उठवून मिठी मारली. "थांबा, असं नाही निघायचं ते. त्यावर आपलं लावू."

साहेबांची निशाणी मुकुट. मेहुण्यानं जीपमधून भेंडोळं काढलं आणि मागची अख्खी काच सोनेरी मुकुटानं झाकून टाकली. दोन्ही दारांवर एकेक लावला. मास्तर तोंड उघडणार होते. मग सिस्टरचं वाक्य आठवलं आणि त्यांनी तोंड मिटलं.

"मागचं काहीच दिसणार नाही," एवढंच ते म्हणाले.

"मागचं कशाला बघायचं?" मेहुणा म्हणाला. "पुढं बघा!"

त्या दिवशी रस्त्यात बारा माणसांनी मास्तरांचं अभिनंदन केलं. न्हाव्यानं दुकानातून हात केला. "शेवटी आलात शुद्धीवर!" तो म्हणाला. मास्तर ज्या मतासाठी रडले ते कुणाला पटलं नव्हतं, आणि जे त्यांचं नव्हतंच त्यावर सगळं गाव खूश होतं. घरी बायकोनं चहा रोजच्या कपात दिला. शुक्रवारी सकाळी खुर्चीवर शर्ट काढून ठेवलेला होता.

"अगं, मी तिच्यासाठीच..." मास्तर सांगायला गेले.

"घाला तो," ती म्हणाली. "भावानं आणलाय."

शुक्रवारी चारला हेडबाईंचा तास होता. मास्तरांनी मनाशी हिशोब मांडला होता. चार ते सव्वाचार, मोठ्या चौकात मुकुट अडकवायचा. बाई आहेतच. लोक साहेबांना शिव्या देतील. मग बाईंना सोडून चालत सभेला. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीच्या चुकांची आतुरतेनं वाट बघत होते.

बाईंनी गाडी सुरू केली. क्लच लोण्यासारखा सुटला. पहिला, दुसरा, तिसरा. वळणावर दिवा दाखवला, शाळेपाशी वेग कमी केला, एका म्हाताऱ्याला थांबून रस्ता ओलांडू दिला. म्हाताऱ्यानं मुकुटाकडे पाहून कौतुकानं नमस्कार केला.

"बाई, आज काय झालं तुम्हाला?" मास्तरांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुम्ही आज गप्प बसलाय," बाई म्हणाल्या. "हे पहिल्या दिवशीच करायचं होतं."

त्यांनी चुकावं म्हणून मास्तरांनी त्यांना लांबच्या गल्लीबोळांतून, चढावरून, मंडईतून फिरवलं. बाई कुठंही चुकल्या नाहीत. मोठा चौक आला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. हिरवा दिवा लागला. बाईंनी सफाईनं गाडी पुढं घेतली, आणि चौकाच्या बरोबर तोंडाशी मास्तरांनी आरसा पाहिला. आरशात फक्त मुकुटाची पाठ होती. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि ब्रेकवर पाय दाबला.

गाडी आचका देऊन बंद पडली.

"मी काही केलं नाही!" बाई ओरडल्या.

"होतं असं. पुन्हा सुरू करा," मास्तर म्हणाले. पाय तिथंच होता. बाईंनी सुरू केली, क्लच सोडला, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दिवा लाल झाला. हॉर्न सुरू झाले. आडव्या बाजूच्या गाड्याही घुसल्या आणि चौकाची गाठ बसली. मागं कुठंतरी एक भोंगा बोलत होता, पण हॉर्नच्या गोंगाटात त्याचा शब्द कळत नव्हता.

"साहेबांची गाडी म्हणून रस्ता विकत घेतला काय!" कुणीतरी ओरडलं.

"माजलेत!" दुसरा म्हणाला. "रविवारी दाखवतो यांना!"

मास्तरांच्या कानांत अमृत पडत होतं. सोमवारचा तोच स्कूटरवाला काचेशी येऊन दोन मिनिटं मनापासून शिव्या देऊन गेला. मास्तरांनी त्याला हात जोडले. आजवर त्यांनी या पायानं शेकडो अपघात टाळले होते. आज त्याच पायानं ते मत मांडत होते, आणि बायकोनं हे पाहायला हवं होतं असं त्यांना फार वाटलं. पोटरीत गोळा आला तरी त्यांनी पाय हलवला नाही. अर्धा तास झाला. बाईंनी गाडीला पट्टीनं मारायची धमकी दिली. चौक इंचभर हलला नाही.

मग शेजारच्या काचेवर कुणीतरी हलकेच टकटक केलं. मास्तर प्रसन्न चेहऱ्यानं शिव्या घ्यायला वळले.

सिस्टर होती. घामाघूम झालेली, एक चप्पल हातात.

"मास्तर, तुम्ही?" ती म्हणाली. "मी मागं टेम्पोत होते. सोळा गाड्या मागं. टेम्पो पुढंही जाईना, मागंही. चालत निघाले तर ही तुटली." मागं वळून तिनं दवाखान्याच्या दिशेला पाहिलं. तिकडून लोक परत येत होते, दोघं-चौघं, टोळक्यानं, सभा झालीच नाही असं बोलत. तीनशे नसतील, पण खूप होते.

तिनं काचेतून आत वाकून पाहिलं. आधी बाईंचा लाल झालेला चेहरा, मग बाईंचे पाय, मग मास्तरांचा पाय. तीस वर्षं पेशंट तपासलेली सिस्टर ती. तिला कुठं काय अडकलंय ते शोधायला वेळ लागला नाही.

"तुम्हीच म्हणालात..." मास्तरांच्या तोंडून कसंबसं निघालं. "साहेबांचं लावा... मदत होईल..."

"मास्तर," ती अगदी हळू म्हणाली, पेशंटशी बोलावं तसं, "पाय काढा."

मास्तरांनी पाय काढला. बाईंनी किल्ली फिरवली, आणि गाडी एका दमात सुरू झाली. दूरवर साहेबांच्या मिरवणुकीचा बँड वाजता वाजता एकदम थांबला. चौकातल्या घड्याळात पाच वाजले होते.

मास्तरांचे ओठ थरथरू लागले. सिस्टरनं पदराचं टोक काचेतून पुढं केलं.

"डोळे पुसा," ती म्हणाली. "पाच वाजून गेले. आता रडलात तरी प्रचार धरतील."